मागून धरलेला सूर

या मंडळी, टाळ ठेवा खाली, जरा जवळ सरका. नदीकाठच्या माणसांनी ऐकावी अशी गोष्ट सांगतो.

राजनंदिनी सांगलीत विश्रामबागेतल्या एका लहान कंपनीत कामाला. पाणी वाढलं की काठच्या घरांना फोन करणारा जावा या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोजेक्ट, म्हणजे प्रोग्राम, तिथल्या दादासोंनी लिहिलेला. फोनवरचा आवाजही त्यांचाच. गावं त्या आवाजावरच घर सोडायची. दादासो कीर्तनात टाळ घेऊन बुवांच्या मागं उभे राहायचे. म्हणायचे, "बुवांचा दम सरला तरी मागच्यानं सूर सोडायचा न्हाई, पोरी."

उन्हाळ्यात दादासो गेले. श्रावणात तो प्रोग्राम चालवणारा जुना कॉम्प्युटरही गेला, आणि त्याच दिवशी कोयना धरणातून पाणी सोडलं.

राजनंदिनीनं काठावर एकट्या राहणाऱ्या आईला फोन लावला. "आई, आत्ताच्या आत्ता नीघ."

"दादासोंचा फोन यील की. तवा निघीन."

"आई, अगं ते गेले न्हवं!"

"आवाज हाय न्हवं मशिनीत?"

तिनं जपून ठेवलेल्या प्रतीवरून प्रोजेक्ट नव्या कॉम्प्युटरवर घ्यायला, म्हणजे इम्पोर्टला, लावला. किती काम झालं ते दाखवणारी पट्टी निम्म्यावर अडली. फायलींवर चूक दाखवणाऱ्या लाल फुल्या उमटल्या. दादासोंच्या आवाजाचं फोल्डर उघडलं, तर रिकामं.

"तुझाच आवाज भर," शेजारच्या टेबलावरचा जयराज म्हणाला.

"माझ्या आवाजावर माझी आई उठंना, गाव काय उठतंय?"

तरी तिनं आवाज भरायला माइकचा हेडफोन चढवला. आत बारीक किणकिण होती. दूरच्या देवळात टाळ वाजावेत तशी.

"जयराज, गाणं लावलंयस का रं?"

"न्हाई बा."

तिनं हेडफोनची वायर काढली. किणकिण थांबली नाही. एक लाल फुली विझली. मग दुसरी. कीबोर्डला कुणाचा हात नव्हता.

तिनं आईला फोन लावला. एंगेज. पुन्हा एंगेज.

मग आईचाच फोन आला. धापा टाकत होती.

"आलो बाई चढावर. म्हस बी आणली. सगळी आळी हितंच हाय."

"कुणी सांगितलं?"

"दादासोंनी. मागं टाळ वाजत हुते. म्हणाले, अंजनावैनी, आधी म्हशीचं दावं सोडा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

दादासोंचं एकच रेकॉर्डिंग सगळ्या घरांना जायचं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं.

जयराजनं पडद्याकडं बोट केलं.

इम्पोर्टची पट्टी अजून निम्म्यावरच होती. प्रोग्राम कुणी सुरूच केलेला नव्हता.

तेव्हा मंडळी, भरल्या नदीच्या दिवसांत फोन वाजला आणि मागं टाळ ऐकू आले, तर कोण म्हणून विचारत बसू नका. आधी दावं सोडा. आणि चढावर पोचलात की दादासोंची आठवण काढा.