उसना हात

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, तेव्हा माझ्या हातांत तीन थरांचा केक होता.

कोपराने किती वेळ बेल दाबत राहिले कोण जाणे. शेवटी वरच्या फटीतून बॅटरीचा उजेड आला आणि त्यामागून एक चेहरा... उलटा.

"आत किती जण आहात?"

"मी... आणि एक केक."

"दोघांत जड कोण?"

"दार उघडताय, की ओरडू?"

"उघडतो हो! लोकांना वाटतं लिफ्टवाला म्हणजे जादूगार—"

दार कुरकुरत सरकलं. वरचा मजला माझ्या छातीइतका उंच होता. तो फरशीवर पालथा झोपला आणि त्याने दोन्ही हात खाली सोडले.

"आधी केक द्या."

"आणि मी?"

"तुम्ही पडलात तर उठाल. केकचं तसं नाही."

बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. मी केक वर दिला. त्याने तो इतका अलगद घेतला की वरच्या साखरेच्या गुलाबाची पाकळीसुद्धा हलली नाही. मग मला वर ओढलं, आणि माझं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. अंगठ्याच्या बेचक्यात निळी भुकटी होती.

"कुठे खेळता?" मी विचारलं.

तो चमकला. "काय?"

"पूल. हा बिलियर्ड्सच्या काठीच्या टोकाला लावायचा खडू आहे. बेचक्यात दुसरं काय लागणार?"

"तुम्हाला येतं?"

"बाबांनी शिकवलं होतं. रोटेशन."

बाबा आता नाहीत, हे मी सांगितलं नाही. कसे गेले, तेही नाही.

"मग या की एखाद्या संध्याकाळी," तो म्हणाला. "टायरच्या दुकानाच्या वरती. तिथे एक मास्तर आहेत. हरले की भूगोल शिकवतात. सोसायची तयारी ठेवा."

मी जाणार नव्हते. पण चारच दिवसांत गेले!

तो हॉल म्हणजे एक लांबट खोली, तीन टेबलं आणि खालून येणारा रबराचा वास. मालकीण असलेल्या काकू गिऱ्हाइकाला उधारी देत नसत, पण मनात आलं की स्वतःच काठी घेऊन खेळायला उतरत. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. तो मला 'केकवाली' म्हणायचा आणि बाकीचे त्याला 'लिफ्ट'. "लिफ्ट, तुझी पाळी!" असं काकू ओरडल्या की खाली टायरवाल्यालाही ऐकू जायचं.

रोटेशन तसं सरळ. पंधरा बॉल. टेबलावर जो सगळ्यात लहान आकड्याचा, त्याला पांढऱ्या बॉलने आधी शिवायचं. मग जो बॉल पॉकेटात पडेल, त्याच्यावरचा आकडा आपला. एकसष्ट गुण झाले की जिंकलो. पहिल्या दिवशी माझे सगळे मिळून सात झाले, आणि मी इतकी हसले की मला माझाच आवाज ओळखू येईना.

हळूहळू हात बसला. बाबांनी शिकवलेलं बोटांना आठवत होतं. आणि संध्याकाळ झाली की बेकरीत माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. आयसिंगची पिशवी धुताना मी गुणगुणते, असं तिथल्या मुली म्हणायच्या.

"मी मारायला वाकलो की तू नेमकी समोरच येऊन का उभी राहतेस?" एकदा त्याने विचारलं. तो कधी 'तू'वर आला, मला कळलंही नव्हतं.

"कुठेतरी उभं राहायलाच हवं ना?"

"नऊ नंबर दिसत नाही मला."

"मग काय दिसतं?"

तो वाकलेलाच राहिला. मान वर न करता म्हणाला, "...खडू संपलाय."

खडू त्याच्या हातातच होता. मास्तरांनी खाकरून खिडकीकडे तोंड फिरवलं. मीही फिरवलं, पण कान गरम झाले ते झालेच.

माझ्या वाट्याला सुख आलं ते एवढंच. त्यानंतर एका सकाळी केकवर 'आजोबांना' असं लिहिताना एकही काना सरळ येईना. मी पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा वाकडं. बेकरीचे मालक म्हणाले, "झोप झाली नाही वाटतं?" मी हो म्हटलं. पण माझी झोप झाली होती. आणि हा वाकडा काना मी आधी पाहिला होता. बाबांच्या सहीत.

बाबांचा आधी हात गेला. मग चाल, मग बोलणं. मी शाळेत असताना सुरू झालं, ते मी नोकरीला लागेपर्यंत चाललं. डॉक्टरांनी माझ्या तपासण्या केल्या, बाबांचे जुने कागद मागवून घेतले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला तेव्हाच मला कळलं.

"लगेच काही होणार नाही," ते म्हणाले. "पण थांबणारही नाही."

मी कोणालाच सांगितलं नाही. आईला तर नाहीच. हॉलवर जात राहिले आणि सोपे बॉल चुकवत राहिले. कधी काठी वाईट म्हणायचे, कधी टेबलाचं कापड. काकूंनी बिचाऱ्यांनी टेबल तीनदा ब्रश केलं.

आणि मग एका संध्याकाळी तो आला तो नवा नियम घेऊनच.

"रोटेशनमध्ये एक बदल करू या," तो म्हणाला. "नाव आहे उसना हात. प्रत्येकाला प्रत्येक डावात एकदा, आपला फटका दुसऱ्या कोणाला तरी मारायला सांगता येईल. बॉल पडला तर गुण सांगणाऱ्याचे."

मास्तर खुर्चीतून उठलेच. "म्हणजे माझ्या पाळीला तू मारणार? मग खेळलं कोण?"

"तुम्हीच. कोणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवलं ना?"

"आणि मी समोरच्याच्या उपयोगी का पडू? मुद्दाम चुकवीन!"

"चुकवा. सगळे बघतीलच."

"एक मिनिट, एक मिनिट," काकू पुढे झाल्या. त्यांना हिशेबाचं काही निघालं की हुरूप यायचा. "गुण निम्मे-निम्मे करा. मग कोण मुद्दाम चुकवेल?"

"पंधराचे निम्मे किती हो?" मास्तर कडाडले. "साडेसात! मी आयुष्यात कोणाकडून साडेसात गुणांनी हरलो नाही आणि हरणारही नाही!"

"वरचा अर्धा माझ्या टेबलाला द्या. कापड झिजतं."

मी हसत होते. खरंच हसत होते. काठीवर हनुवटी टेकवून त्या तिघांचं भांडण ऐकत होते आणि आपलं घर हेच, असं काहीतरी मनात येत होतं.

"पण गरज काय याची?" मास्तर हट्टालाच पेटले. "लांबच्या बॉलसाठी टेकूची काठी आहे. हात पोचत नसेल तर ती घ्यावी."

"हात पोचतो मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला. "पण... ऐकत नाही. अशा वेळेसाठी."

तो माझ्याकडे बघत नव्हता. मी सोडून खोलीत सगळीकडे बघत होता. त्यावरूनच मला कळलं. मी काठी भिंतीला लावली आणि निघाले.

जिन्यात त्याने मला गाठलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" मी विचारलं.

"खडू लावताना तुझा हात काठीच्या टोकावरून घसरायला लागला तेव्हापासून. बॉल कोणाचाही चुकतो. खडू लावताना कोणी चुकत नाही."

"म्हणून माझ्यासाठी नियम केलात? दया म्हणून?"

"दया?" त्याचा आवाज चढला. "अगं, तू यायची थांबशील म्हणून! तू चुकायला लागलीस की तू थांबशील, एवढं ओळखतो मी तुला. मला तू समोर उभी हवी आहेस. नऊ नंबर दिसला नाही तरी चालेल..."

मी जिन्याचा कठडा घट्ट धरला. किती दिवस हे ऐकायचं होतं मला! आणि ऐकायला मिळालं ते आता.

मग मी त्याला सगळं सांगितलं. बाबांचं, डॉक्टरांचं, पुढे काय काय होईल ते. तो एक पायरी खाली उभा राहून ऐकत होता, आणि खालून टायरमध्ये हवा भरल्याचा फुसफुस आवाज येत होता.

"झालं?" शेवटी तो म्हणाला. "आता उद्या येशील?"

मी घरी निघून गेले.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी तिच्यासमोर बसले. शेंगा पुढे ओढल्या नाहीत, बोटं तिला दिसली असती.

"आई... बाबांचं आधी माहीत असतं, लग्नाआधी... तर?"

का विचारतेस, असं तिने विचारलं नाही. दोन-तीन शेंगा सोलल्या. मला वाटलं होतं ती म्हणेल, वेडी आहेस का, तरीही केलंच असतं. त्यासाठीच विचारलं होतं. ते उत्तर घेऊन मी धावत हॉलवर गेले असते.

"नसतं केलं," आई म्हणाली.

मी हात मांडीवर ओढून घेतले.

"खोटं कशाला बोलू? जीव होता माझा त्यांच्यावर. म्हणून तर नसतं केलं. परक्याने बघणं वेगळं. आपलं माणूस असं रोज थोडं थोडं जाताना बघायचं..." तिने दाणे हाताने सारखे केले. "शेवटी शेवटी मी देवाकडे काय मागत होते, ते तुला कधी सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी हॉलच्या खाली, टायरच्या ढिगापाशी उभी राहिले. तो आला. मी आईचं बोलणं जसंच्या तसं त्याला सांगितलं.

"त्यांना कोणी आधी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "मला विचार."

"विचारलं तर तुम्ही हो म्हणाल."

"म्हणणारच!"

"म्हणून विचारत नाही."

"हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच आहे. बाबांना चमचा धरता येईना तेव्हा आई हसून त्यांना भरवायची आणि मोरीत जाऊन रडायची. मी दाराबाहेर उभी असायचे. तुम्ही मोरीत रडताना मला बघायचं नाही."

"मी रडणार नाही."

"आत्ता काय करताय?"

त्याने बाहीने तोंड पुसलं. गालावर निळा पट्टा उठला. तो पुसावा म्हणून माझा हात वर गेला, आणि हवेतच थरथरायला लागला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तो हात धरला. दोन्ही तळव्यांत, तो केक धरला होता तसाच अलगद. थरथर थांबली नाही. तिला काय कळतंय!

त्याच्या कंपनीने त्याला दूरच्या एका शहरात काम देऊ केलं होतं. उंच इमारतींचं, मोठ्या पगाराचं. त्याने ते नाकारलं होतं, हे मला काकूंकडून कळलं होतं.

"ते काम घ्या," मी म्हणाले. "तुम्ही इथे राहिलात तर मी वर पाऊल टाकणार नाही. मला तेवढं एकच ठिकाण आहे... तेही सुटेल."

मला माहीत होतं, तो दुसऱ्या कशाने जाणार नाही. माझ्याकडून ते टेबल काढून घेणं त्याला जमणार नव्हतं. म्हणून तिथेच बोट ठेवलं.

तो निघाला त्या दुपारी मी बसथांब्यावर गेले. जायचं नाही असं ठरवलं होतं. त्याच्याजवळ हत्यारांची पेटी आणि एक पिशवी, एवढंच सामान होतं. बस उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून काच पुसत होता.

"एक मागू?" तो म्हणाला. "मला कधी 'तू' म्हणाली नाहीस. एकदा म्हण."

"आत्ता?"

"मग कधी?"

मी त्याच्या शर्टच्या बटणाकडे बघत राहिले. "माझा... तुझ्यावर जीव आहे," मी म्हणाले. "खूप. तुला माहीत आहे. आता जा तू."

एवढे दिवस राखून ठेवलेला 'तू', आणि दिला तो 'जा' म्हणायला.

तो हसला. खरोखर हसला, त्या उलट्या चेहऱ्यासारखा. "मधल्या मजल्यावर अडकलीस तर बेल दाब," म्हणाला, आणि चढला. बस वळेपर्यंत मी हात खिशात ठेवला होता. हलवून निरोप द्यायला हवा होता. पण तो हलताना दिसला असता, मी न हलवताच.

घरी आले तर आईने चहा टाकलेला. माझ्यापुढे कप ठेवला. कप अर्धाच भरला होता. बाबांसाठी ती असाच भरायची, सांडू नये म्हणून.

मी वर पाहिलं. तिचे डोळे सुजले होते.

"काल तू भांडी विसळत होतीस," ती म्हणाली. "तेव्हा बघितलं."

मी कप दोन्ही हातांनी धरला.

"त्या दिवशी तू माझं विचारत नव्हतीस ना? कोणीतरी आहे."

"होता," मी म्हणाले.

आई तशीच उभी राहिली, पदर तोंडावर धरून. मग म्हणाली, "मला माहीत असतं ना बाळा... तर मी खोटं बोलले असते."