मिठात घातलेला डगला

जपानात, उरायासुला समुद्रात भर टाकून उभ्या केलेल्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, प्रणिता रंग पक्का करायला बादलीत मीठ विरघळवत होती. साधंच काम. नवा कपडा रंग सोडतो ना, तसा तिच्या लेकीच्या, नेत्राच्या, मानेला निळा डाग लागला होता. कपडा मात्र नवा नव्हता. कुणा कोळ्याच्या पोराचा, निळीत रंगवलेला जुना डगला. उद्याच्या मिरवणुकीत नेत्राला घालायला वारसा मंडळाने दिलेला.

"वारसा म्हणे! आधी कोळ्यांचा समुद्र बुजवला, आता त्यांच्या चिंध्या हातमोजे घालून उचलतात," प्रणिता म्हणाली.

"मग परत दे ना," तिचा नवरा सारंग लॅपटॉपमागून म्हणाला. "मीटिंगमध्ये आहे मी."

"देते, मिरवणूक झाल्यावर. पण तोवर पोरीला हा मासळीचा वास घेऊन मिरवू?"

धुऊ नका, असं मंडळाच्या मोरिवाकी-सानने बजावलं होतं. मंदबुद्धी माणसाला सांगावं तसं, कमरेत वाकून. प्रणिता रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. पण काळजी लागली की पदवी आठवायची नाही, आईचं मीठ आठवायचं.

डगला बुडाला. पाणी निळं झालंच नाही. बाहेर काळोख पडला होता, वारा थांबला होता. ओल्या वाळूचा वास आला. मग बादलीच्या कडेला कुणी चाटावं तसा आवाज... चुबुक... चुबुक...

पाणी उतरत होतं. बादली धड होती. फरशी कोरडी.

"आई, आशी मिते... पाय बघ ना..." नेत्रा दारात पाय दाखवत होती.

दोन्ही पाय घोट्यापर्यंत निळे. वर मिठाची पांढरी रेघ. साबण झाला, खोबरेल झालं. रेघ पोटरीवर चढली. डगला उपसून बाहेर काढला तरी चढतच राहिली.

तिने मोरिवाकी-सानला फोन लावला.

"मीठ घातलंत?" मोरिवाकी-सानने विचारलं. "त्या कोळ्याचा मुलगा भरतीतून परत आला नाही. डगला तेवढा आला."

"आणि तो माझ्या पोरीला दिलात?"

"कोरडा दिला होता, प्रणिता-सान."

"मग... ओहोटी लागली की उतरेल ना हे?"

"ओहोटी?" आवाज तसाच अदबशीर होता. "इथे आता समुद्र कुठे आहे?"

प्रणिता वळली. नेत्रा कोरड्या फरशीवर उभी होती. फ्रॉक दोन्ही हातांनी गुडघ्यांवर धरलेला, भिजू नये म्हणून. प्रणिता पाहत असताना पोरीने तो आणखी थोडा वर घेतला.