कपडे कोण धुवायचं?

कोर्टात जायच्या दिवशी आर्लीन कुबिचेकने नेहमीसारखं मांजराला बाहेर काढलं, दार ओढून घेतलं आणि नवऱ्याला भेटायला निघाल्यासारखी गाडीत बसली. एका अर्थी ते खरंच होतं. लिरॉय वसंतात गेला; पण खटल्यापर्यंत तो टिकणार नाही हे ओळखून वकिलांनी आधीच त्यांच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावून त्याची जबानी घेतली होती. ती आज ज्युरीला दाखवायची होती.

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या आपल्या मक्यावर जन्मभर तणनाशक फवारून लिरॉयला कंपवात जडला. तणनाशकाच्या कंपनीचं म्हणणं सरळ होतं: औषधात खोट नाही, हा माणूसच निष्काळजी. लिरॉय आणि निष्काळजी! गॅस बंद केला ना, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवणारा माणूस तो! भरपाई मिळो न मिळो, आर्लीनला तो एक शब्द नवऱ्याच्या नावावरून पुसून हवा होता.

पडद्यावर लिरॉय दिसला आणि तिला भरून आलं. कॅमेऱ्यामागून प्रेस्कॉटचा, म्हणजे कंपनीच्या वकिलाचा, आवाज आला.

"चष्मा, हातमोजे घालायचात?"

"डब्यावर लिहिलेलं सगळं घालायचो. त्या चष्म्यातून बायको कुठली नि गाय कुठली, कळायचं नाही."

ज्युरीतले लोक हसले. आर्लीनही हसली. पुढचं सगळं तिला पाठ होतं.

"कपडे कोण धुवायचं?"

"आर्लीन."

आता तो पाणी मागणार होता. त्याने मागितलं नाही. कोर्टात फवारणीचा तो उग्र, घशात बसणारा वास पसरला. लिरॉयने मान वळवली आणि खाली बसलेल्या प्रेस्कॉटकडे थेट बघितलं.

"डब्यावर... तिच्यासाठी काय लिहिलं होतं, वकीलसाहेब?"

प्रेस्कॉट ताडकन उठला. "हे जबानीत नव्हतं! मी स्वतः होतो तिथे!"

"बंद करा ते," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"केलंय, मॅडम..." कारकून पुटपुटला. उपटलेली वायर त्याच्या हातातच होती.

"आर्लीन," लिरॉय हळूच म्हणाला, "हात दाखव त्यांना."

पर्सखाली दाबून धरलेला तिचा डावा हात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून थरथरत होता, आणि हे तिने पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले असते, लिरॉयनेच विष घरी आणलं. ते तिला ऐकवलं नसतं.

"अगं, माझी लाज कसली राखतेस? दाखव..."

ती उभी राहिली. तिने हात वर केला आणि थरथरू दिला. ज्युरीतल्या एका बाईने डोळे पुसले. आर्लीन रडत होती, पण कित्येक महिन्यांनी तिला हलकं वाटत होतं. पडदा काळा झाला.

त्या काळ्या पडद्यातून, अगदी मायेने, पुन्हा आवाज आला.

"आता... दुसराही."

तिने उजव्या हाताकडे पाहिलं. तो तर बरा होता. निदान सकाळपर्यंत तरी होता.