सरक गं जरा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मात्र यात पदरचा एक शब्दही घालणार नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलं. शेवटी शेवटी तर मी तिथेच बसले होते.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. पडदे उघडे, सोफ्यावर ऊन आलेलं, खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

म्हणूनच जास्त भीती वाटते... रात्रीचं काही असलं तर झोपेत भास झाला असं म्हणून सोडून तरी देता येतं.

आधी मावशीबद्दल सांगते. मावशी ड्रायव्हिंग शिकवायची. अख्खं आयुष्य नवशिक्यांच्या हातात स्टिअरिंग देऊन शेजारच्या सीटवर बसली. ती म्हणायची, "क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे ज्याला कळत नाही, त्याच्याबरोबर मी घाट उतरलेय. मला भुताचं काय सांगता?"

काका जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, माझी ताई, लग्न होऊन दूर गेलेली. तिला दिवस राहिले तेव्हा तिच्या मनात आलं, आपल्या लहानपणच्या व्हिडिओ टेप डीव्हीडीवर करून घ्याव्यात. बाळाला दाखवता येतील.

बोलता बोलता ती फोनवर म्हणाली, "आई, राग नको मानूस. पण लहानपणचं काहीही आठवलं की मला आत्याच दिसते. तू कुठे होतीस गं तेव्हा?"

मावशीच्या काळजात ते काट्यासारखं रुतलं.

"टेप बघशील तेव्हा कळेल," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

ताईची आत्या म्हणजे मावशीच्या वन्सं. काकांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. स्वतःची नोकरी, स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा, आणि भावाच्या घरात मरेपर्यंत त्यांचाच शब्द शेवटचा. मावशी सकाळपासून गाडीवर असायची. पोरीला वन्संनीच वाढवलं, असं सगळे म्हणायचे. वन्सं तर सगळ्यात आधी म्हणायच्या.

सगळ्या टेप त्यांनीच काढलेल्या. त्यामुळे त्या कुठेच दिसत नाहीत. नुसता आवाज.

मावशी चित्रात आली, की कॅमेऱ्यामागून हमखास यायचं...

"सरक गं जरा. मध्ये येतेस."

आणि मावशी सरकायची.

मावशीने गल्लीच्या टोकाच्या टीव्हीवाल्याकडून एक जुनं मशीन आणलं. डावीकडे टेप घालायची, उजवीकडे कोरी डीव्हीडी. बटण दाबलं की इकडचं तिकडे उतरतं. टेप दोन तासांची असली तर दोन तास थांबायचं, तिथे घाई चालत नाही. मग डिस्क 'फायनलाइज' करायची, म्हणजे कायमची बंद करायची. नाहीतर ती दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही.

पहिली डिस्क मजेत झाली. टेप चालू असताना मावशी टीव्हीसमोर बसून होती. ताईची पहिली पावलं, मावशीचं बोट धरून टाकलेली. झोपाळा, मागून झोका देणारी मावशी. सगळं जागच्या जागी.

डिस्क ताईला पाठवली.

ताईचा फोन आला. आवाज वेगळाच...

"आई, यात तू कुठे आहेस?"

"अगं, पहिली पावलं बघ की! मीच आहे."

"मी चालतेय. हात वर केलाय. मूठ मिटलीय, कुणाचं तरी बोट धरल्यासारखी. पण पलीकडे..."

"पलीकडे काय?"

"कुणीच नाही, आई."

मावशीने टेप पुन्हा लावली. टेपमध्ये ती होती. धडधडीत होती.

तिने दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि ती डिस्क लावून बघितली.

झोपाळा आपला आपण मागे येत होता, पुढे जात होता.

मग अंगणातलं चित्र आलं. ताई जमिनीपासून चांगली कमरेइतकी वर. खुदूखुदू हसतेय. तिला कडेवर घेतलेलं माणूसच नाही.

आवाज तेवढा शाबूत.

"सरक गं जरा. मध्ये येतेस."

मावशीने टीव्हीवाल्याला बोलावून घेतलं. तो कधीकाळी तिच्याकडेच गाडी शिकलेला. त्याने झाकण उघडलं, हेड पुसलं, वायरी तपासल्या.

"मॅडम, टेपला बुरशी लागली तर रंग जातो, आवाज जातो. नेमकं एकच माणूस कसं जाईल?"

"तेच तर विचारतेय तुला."

त्याने डिस्क लावली. नीट लक्ष देऊन बघता यावं म्हणून टीव्हीचा आवाज बंद केला. झोपाळा हलायला लागला...

"सरक गं जरा."

टीव्ही तर मुका होता.

आवाज सोफ्याच्या मागून आला होता.

टीव्हीवाला उठला तो थेट दाराशी. तिथूनच म्हणाला, "मॅडम, मशीन मी परत घेतो. पण त्या टेप ठेवू नका घरात. जाळून टाका."

"जाळू?" मावशी म्हणाली. "माझी पोर आहे त्यात! आणि मशीनही इथेच राहील."

त्यानंतर तिने मला बोलावलं. मदतीला नाही हं. साक्षीला.

मी गेले तेव्हा तिने मशीनच्या अगदी पुढ्यात खुर्ची मांडली होती. नवी डिस्क आत होती.

"तू गप्प बसायचं. काहीही झालं तरी मध्ये बोलायचं नाही."

तिने बटण दाबलं. टेप सुरू झाली. बराच वेळ काहीच नाही. खालून पाण्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

मग बारीक घरघर ऐकू आली...

जुन्या कॅमेऱ्याची मोटर चालायची ना, तशी. टीव्हीतून नाही. आमच्या पाठीमागून.

मी मान वळवली नाही. खोटं कशाला सांगू, वळवायची हिंमतच झाली नाही.

"सरक गं जरा."

मावशीची खुर्ची हलली. पाय फरशीवर घासल्याचा कर्रकन आवाज झाला. आणि खुर्ची मावशीसकट वीतभर बाजूला गेली.

मावशीने शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबावा तसा पाय फरशीत रोवला.

"नाही सरकणार!"

घरघर चालूच.

"वन्सं, तुम्ही पोरीचं केलंत. तापात उशाशी बसलात, वेण्या घातल्यात, अभ्यास घेतलात. मी कधी नाही म्हटलं? तुमचं ते तुमचंच आहे, त्यातलं काडीभरही मला नको. पण तिचं बोट मी धरलं होतं. तुम्ही होतात तोवर सरकले. तुम्ही मोठ्या म्हणून सरकले. घरात वाद नको म्हणून सरकले. आता पुरे! हे घर माझं, पोर माझी, आणि चित्रातली जागाही माझी. बघवत नसेल तर कॅमेरा बंद करा!"

खुर्ची पुन्हा हलली. मावशीने दोन्ही हातांनी ती धरून ओढत मूळ जागी आणली आणि धपकन बसली.

घरघर थांबली.

टेप संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. मग डिस्क बंद करायची वेळ आली. मशीनवर अक्षरं आली, ही डिस्क बंद करता येत नाही.

मावशीने बटण दाबलं. तेच. पुन्हा दाबलं. तेच.

"येत नाही म्हणजे काय?" तिने बटणावर अंगठा ठेवला आणि उचललाच नाही. अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

शेवटी मशीनने खर्रखर्र केलं आणि डिस्क बाहेर दिली.

आम्ही ती लगेच लावली. पहिली पावलं... मावशी होती. झोपाळा... मावशी होती. अंगणात ताई तिच्याच कडेवर. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ताईच्या शाळेचा कार्यक्रम आला. त्या दिवशी मावशी कुणाच्या तरी लायसन्सच्या परीक्षेला गेली होती. ती शाळेत नव्हतीच. हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, कारण वन्संनी ते जन्मभर ऐकवलं.

पण ती तिथे होती.

मुलांच्या रांगेशेजारी. आणि तरुणपणीची नाही... पांढरे केस, चष्मा, अंगावर त्या दुपारचेच कपडे. कमरेवर हात ठेवून थेट कॅमेऱ्याकडे बघत उभी.

मी टीव्ही बंद करायला उठले. मावशी मात्र पुढे वाकून बघत राहिली.

"बरी दिसतेय की," ती म्हणाली.

ती डिस्क ताईला गेली. ताई फोनवर रडली. "आई, तू कार्यक्रमालाही आली होतीस? मला कसं आठवत नाही? आणि तुझे केस असे पांढरे का दिसतायत?"

"जुनी टेप आहे. रंग उडालेत," मावशीने ठोकून दिलं.

त्या डिस्कची एक प्रत मावशीकडेही आहे. कार्यक्रमाचा तो भाग ती अधूनमधून लावते. आता त्यात वन्संचा आवाज येत नाही. कान दिला तर कुणाचा तरी श्वास तेवढा ऐकू येतो.

आणि बंद केलेल्या डिस्कवर पुन्हा काहीही उतरत नाही, हे मला टीव्हीवाल्याने शपथेवर सांगितलंय. तरीही...

आधी चित्रात मावशी पायापर्यंत दिसायची. मग कमरेपर्यंत दिसायला लागली. मग नुसता चेहरा.

कॅमेरा पुढे येतोय.

मी हात जोडून म्हटलं, "मावशी, नको लावूस गं ती डिस्क."

"का नको? येऊ देत जवळ. मी काय मागे हटणारेय?"

परवा फोनवर बोलली तेव्हा भलतीच खुशीत होती. म्हणाली, आता फक्त डोळे दिसतात. आणि चष्म्याच्या काचेत समोर कॅमेरा धरलेल्या माणसाचा चेहरा उमटायला लागलाय.

"अजून पुसट आहे. पण एक गंमत सांगू? वन्संसारखा नाहीच वाटत गं तो."