गळ्यापाशी सरकलेलं बटण

"कॉलरचं बटण तू काढतेस की मी काढू?" धाकटी म्हणाली, आणि थोरलीचा हात शिलाई मशीनच्या चाकावरून उठून आपसूक गळ्याशी गेला.

सात वर्षांनी धाकटीने या खोलीत पाऊल ठेवलं होतं. तेही, तुझी बहीण दवाखान्याच्या खेपा घालतेय, असं एका शेजारणीने कानावर घातलं म्हणून! थोरलीने घसा बसल्याचं सांगितलं, हवा बदलल्याचं सांगितलं... खरं मात्र सांगायचं नाही, हे तिने तपासणीचा कागद कपाटात कोंबतानाच ठरवलं होतं.

तिच्या गळ्याच्या मधोमध जन्मापासून बोराएवढी मऊ गाठ होती. घोट गिळला की वरखाली व्हायची. आई गेली तेव्हा थोरली सतरा वर्षांची आणि धाकटी चार. गाठ काढायची तारीख ठरली, त्याच आठवड्यात धाकटीला गोवर निघाला, आणि ती तारीख गेली ती गेलीच. पुढे शिवणावर थोरलीने तिला वाढवलं, शिकवलं. लग्न ठरल्यावर मात्र धाकटी आरशात बघत, मागे न वळताच म्हणाली, "ताई, त्या दिवशी तेवढा गळा झाकून ये. लोक विचारतात."

थोरलीने उंच कॉलरचं ब्लाउज शिवलं, आणि त्या दिवसापासून तिचा गळा कुणालाच दिसला नाही... तिला स्वतःलाही नाही. बटण ती आरशाविना लावायची. धाकटीने बोलावलं की हातात काम असायचं. ताईला ताठा आहे, असं धाकटीने ठरवलं आणि बोलावणंच सोडलं.

कॉलर आवळायला लागली तेव्हा थोरलीला वाटलं, कापड आटलं. ती कापडवाल्याशी कडाकडा भांडली, नवीन कापड दोनदोनदा भिजवून मगच कापू लागली, आणि बटण दर वेळी नखभर सरकवत गेली. गिऱ्हाईक दारातून आत येईतो नजरेनेच माप घेणारी बाई, पण स्वतःच्या गळ्याला तिने कधी टेप लावली नाही!

गाठ दगडासारखी झाली तेव्हा डॉक्टरांनी सुई घालून तपासलं. अशा गाठीत कर्करोग शंभरात एखादीला होतो, तो तुम्हाला झालाय, म्हणाले, गाठ काढली तर बहुतेक निभावेल. पण ती कडक कधीपासून झाली, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?  थोरलीला सुरीची धास्ती नव्हती. धाकटीला आपलं ते एक वाक्य आठवेल आणि ती जन्मभर स्वतःला खात राहील, या विचाराने तिचं काळीज चिरत होतं. म्हणून ऑपरेशनला एकटीनेच जायचं, असा तिचा बेत होता.

धाकटीने बटणाला हात लावलाच नाही. तिची नजर खुंटीवरच्या ब्लाउजांवर गेली. एकेक काढून तिने खिडकीशी धरलं. प्रत्येकाच्या गळ्याशी जुन्या टाक्यांची भोकं होती... कुठे दोन ठिकाणी, कुठे चार.

"कापड आटतं गं," थोरली घाईने म्हणाली.

"मला शिवण कुणी शिकवलं, ताई? कापड आटलं तर बाह्या आखूड होतील. नुसता गळाच कसा आटेल?" शेवटचं ब्लाउज तिच्या हातातच राहिलं. "हे माझ्या लग्नातलं... मीच झाकायला लावलं होतं."

"लहान होतीस तू."

"सव्वीस वर्षांची होते."

 धाकटी चिंध्यांच्या ढिगातच मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. तेव्हा थोरलीने आपल्या हाताने बटण काढलं, आणि तिची बोटं धरून गाठीवर ठेवली.

"दुखतं?"

"नाही. दुखलं असतं तर केव्हाच डॉक्टरांकडे गेले असते."

ऑपरेशनच्या सकाळी परिचारिका संमतीचा कागद घेऊन आली. रोग मानेत आणखी कुठे पसरलाय का, हे गाठ काढल्यावरच कळणार होतं; तेवढं सांगून तिने नातं विचारलं. धाकटीने सही केली आणि मान वर न करता म्हणाली, "मुलगी."

परिचारिकेने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. चूक सुधारायला थोरलीने तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं.