दोघींचं पथ्य

थोरलीच्या ताटाजवळची दह्याची वाटी धाकट्या जावेने आजही न बोलता उचलून नेली, आणि थोरलीने मान खाली घालून कोरडा घास तसाच गिळला...

काही वर्षांपूर्वी मूतखड्याच्या कळांनी ती जमिनीवर गडबडा लोळली होती, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. दूध नाही, दही नाही, चहासुद्धा कोरा. पती गेल्यावर घरच्या लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवून तिने दिराला शिकवलं, त्याचा संसार उभा करून दिला; आणि आता त्याच संसारात आपण नकोशा झालो? ते शल्य तिने अंतःकरणातच दडपलं. घरचं गाऱ्हाणं सांगायचं तरी कुणाला!

मग एके सकाळी चादरींचा गठ्ठा उचलताना तिचं मनगट काडकन मोडलं. गठ्ठा काही फार जड नव्हता.

हाताला प्लॅस्टर घालून, तपासण्या पाहून डॉक्टरीणबाईंनी दोघी जावांना समोर बसवलं.

"यांची हाडं ठिसूळ झालीत. अंगातलं कॅल्शियम लघवीवाटे जास्त जातंय. तिकडे त्याचे खडे होतात, इकडे हाडं पोखरली जातात. दुखणी दोन, मूळ एकच. दूध-दही घेता ना?"

थोरलीची नजर धाकटीकडे गेली. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मीच बंद केलं," ती म्हणाली. "दुधाने खडे होतात असं ऐकलं होतं..."

"उलट दूध तोडलं तर खडे वाढूही शकतात. मीठ कमी, पाणी भरपूर, आणि दूध-दही जेवणात हवंच. औषधाचं मी बघते."

बाहेरच्या बाकावर धाकटीचा बांध फुटला. "ताई, तुमच्या त्या कळा मला बघवल्या नाहीत हो... पुन्हा तसं होऊ नये, एवढंच डोक्यात होतं."

"मला वाटलं, मी जड झाले तुला."

"जड? अहो, तुम्हाला नाही म्हणून माझ्याही घशाखाली उतरेना. मीही तेव्हापासून सोडलंय सगळं."

थोरलीच्या मनात आलं, सगळ्यांना वाढून मागाहून एकटीच जेवणारी ही पोर... आणि आपण एवढी वर्षं स्वतःचंच दुःख कुरवाळत बसलो, तिच्या ताटात एकदाही डोकावलो नाही. तिचे डोळे भरून आले. प्लॅस्टर नसलेल्या हाताने ती धाकटीची पाठ थोपटत राहिली.

हुंदके थांबल्यावर तिने धाकटीला उठवलं आणि पुन्हा आत नेलं.

"बाई, आता हिचीही हाडं बघा," थोरली म्हणाली. "आमच्याकडे पथ्य एकीला सांगितलं की दोघी पाळतात."