वीतभर रुंद इरलं

साल अठ्ठावन्न. आषाढात, लावणीसाठी मुंबईच्या गिरणीतून रजा काढून आलेला ओढ्यापलीकडचा मुरारी आमच्या पडवीत उभा राहिला. पावसात डोक्या-पाठीवर घ्यायची आमच्या घरची इरली पार उमरठ गावापर्यंत विकली जात. बा नेमका पोलादपूरला गेलेला, म्हणून माप घ्यायची पाळी माझ्यावर आली.

“वाका,” मी म्हटलं.

“कशाला?”

“इरल्याचं माप उभ्यानं घेत नायत. लावणीला वाकतात तसं वाकायचं.”

तो वाकला… गुडघे ताठ, पाठ भलतीकडे. मला हसू आवरेना.

“हसतेस काय गो? मुंबईत मेणकापडाचा कोट मिळत व्हता. नाय घेतला.”

“का?”

“कोट करणारी कुठं दिसते?”

झालं! माझं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही. बांबूच्या कामट्यांची जाळी विणली, वर पळसाची पानं बसवली, पण मापापेक्षा वीतभर रुंद. एका इरल्याखाली दोघं मावावीत, एवढाच वेडा हिशेब.

तो इरलं घेऊन गेला आणि पाठोपाठ बा आला.

“केवढं रुंद केलंस?”

मी हात पसरून दाखवले. बाचा चेहरा उतरला.

“रखमा, वाऱ्यात त्याचं शीड व्हईल. आन् तो साकवावरून जायचा.”

गेल्या साली त्याच ओढ्यानं येसूबाईचा रेडा नेला होता. मी चिखलातून धावत सुटले.

साकव म्हणजे ओढ्यावर आडवे टाकलेले नुसते दोन ओंडके. मुरारी मधोमध होता. वारा इरलं उचलत होता, आणि इरल्याबरोबर तोही ओढला जात होता. खाली गढूळ पाणी घोंघावत होतं.

“टाका ते इरलं,” मी ओरडले.

“तू केलंयस… कसं टाकू?”

त्याचा एक पाय सरकला. लाज, गाव, बा, काही आठवलं नाही.

“मुरारी, टाक ते. जन्मभर इरली करून देईन तुला… पण तू राहा.”

त्यानं हात सोडले. इरलं गिरक्या घेत पाण्यात पडलं आणि दिसेनासं झालं. तो ओंडक्याला मिठी मारून रांगत रांगत माझ्याकडे आला.

“जन्मभर म्हणालीस,” तो म्हणाला.

“भ्याले म्हणून बोलले.”

“मंग आता भीती गेली तर… शब्द फिरवशील?”

“भीती कुठं गेलीय,” मी म्हटलं. “आता तर ती रोजची झाली.”

त्याचा गारठलेला हात मी घट्ट धरला, आणि आम्ही घराकडे निघालो.